समुद्रासाठी नेलेली साडी

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. उगाच चार माणसं जास्त जातील तिथे. कोकणच्या किनाऱ्यावर आहे, लहान आहे आणि तिथे वारा आहे, एवढं पुरे. वारा म्हणजे आमच्या जबलपूरला उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर खाट टाकली की येतो, तसला नव्हे. हा चोवीस तास अंगावर येतो. दारं आपटतो, ताटातली पोळी उडवतो, बोललेलं तोंडातून काढून नेतो. माझ्या भावाच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावलेले आहेत. पायपुसणं दाराच्या कडीला बांधलेलं आहे. अशा घरात माणसं राजीखुशीने राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून मानते.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. बँकेत आहे. बदली होऊन त्या गावात गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. मी जबलपूरला चेरीतालच्या घरात, आई माझ्याजवळ. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आणि भावाने फोनवर टुमणं लावलं होतं, आईला इकडे आण, महिनाभर राहू दे, आवडलं तर कायमची राहू दे.

कायमची. हा शब्द त्याने इतक्या सहज टाकला की माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई काय पाहुण्यांकडे ठेवायची गादी आहे, आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे? पण आई म्हणाली, "चलो, पाहून तर येऊ. माझं काय जाऊन राहिलं?" मग मी शाळेत रजा टाकली आणि सोबत निघाले. सोबत कसली, पहाऱ्याला निघाले. जायचं, पाहायचं आणि आईला घेऊन परत यायचं, हे मी घरून ठरवूनच निघाले होते.

सामान बांधताना आईच्या पिशवीत एक नवी लाल साडी दिसली. जरीकाठाची, जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानाचा कागद अजून तसाच. मला वाटलं, सुनेसाठी घेतली असेल. मी विचारलं नाही. सुनेसाठी साड्या घेणं हेही मला तेव्हा रुचत नव्हतं.

स्टेशनवर भाऊ आणि त्याची बायको दोघं आले होते. वहिनी वाकून आईच्या पाया पडली. तिची ओढणी वाऱ्याने उडून माझ्या तोंडावर बसली. "सॉरी हां ताई, आमच्याकडे वारा जरा जास्तच," ती हसून म्हणाली. आमच्याकडे! जसा काही तो वारा त्यांनी विकत आणून ठेवलाय. ती हसतमुख आहे, कामसू आहे, आईला पाट ठेवते, गरम पाणी ठेवते. तिच्यात नाव ठेवायला काही सापडत नाही, आणि माणसात नाव ठेवायला काही सापडलं नाही की मला ते माणूस जास्तच खुपतं.

आम्ही घरून खव्याची जलेबी नेली होती. आमच्याकडची ती काळी, जड जलेबी भावाला लहानपणी जीव की प्राण होती. डबा उघडला तर दमट हवेने ती चिकट होऊन एकमेकांत बसलेली. भावाने एक तुकडा ओढून तोंडात टाकला आणि म्हणाला, "जरा गोडच असते नाही आपल्याकडची?" मी डबा उचलून आत ठेवला. ज्याला जलेबी गोड लागते, त्याच्याकडे आईने राहायचं?

दुसऱ्या दिवसापासून गाव दाखवणं सुरू झालं. भावाने बँकेतून सुट्टी घेतली होती आणि सगळं आखून ठेवलं होतं, सहलीला पोरं न्यावीत तसं. आधी किल्ला. किल्ला म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली एक काळी भिंत, तिच्यावर कुणाकुणाची प्रेमं कोरलेली, आणि आत चिप्सच्या पिशव्या. त्या पिशव्यासुद्धा वारा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होता, म्हणजे कचऱ्यालाही स्वस्थता नाही. भाऊ तोफ दाखवत होता. आमचे बाबा संरक्षण खात्याच्या तोफांच्या फॅक्टरीत जन्मभर राबले. तोफ बघायला जबलपूरच्या माणसाला इतक्या लांब आणायचं, ह्याला काय म्हणावं? मी म्हटलं, "हे मी जबलपूरला रिक्षातून जाता-येता पाहते."  आई मात्र तोफेवर हात फिरवत म्हणाली, "किती थंड आहे हो. खाऱ्या हवेनं गंजली काहून नाही ही?" आणि वहिनीने तिला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. वाऱ्यात मला ते ऐकू आलं नाही.

मग माशांचं संग्रहालय. पंख्याखाली बरण्या मांडलेल्या, बरण्यांत पिवळ्या पाण्यात मेलेले मासे, डोळे पांढरे. बाहेर अख्खा समुद्र भरून मासे असताना लोक तिकीट काढून मेलेले बघायला येतात. मग शंख-शिंपल्यांची दुकानं, एकाला एक चिकटलेली, सगळीकडे तेच शिंपल्यांचे गणपती आणि तेच आरसे. एका दुकानात मी चांगल्या मराठीत विचारलं, "ही समई केवढ्याला?" दुकानदार म्हणाला, "मॅडम, देख लो, फिक्स रेट है. कहाँ से आए आप लोग?"

मी म्हटलं, "जबलपूर. पण मी मराठीत विचारलं."

"अच्छा, एमपी! मराठी अच्छा बोल लेते हो आप," तो म्हणाला, अगदी कौतुकाने.

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पेशव्यांच्या चाकरीत जे घराणं नर्मदेकाठी आलं, पिढ्यान्‌पिढ्या चहूबाजूंनी हिंदी असताना ज्याने घरात मराठी टिकवली, त्यातल्या मला हा माणूस शाबासकी देतो. जबलपूरला शाळेत मला 'मराठी मॅडम' म्हणतात. भाजीवाला म्हणतो, मराठी दीदी आ गई. आणि इथे, मराठी मुलखात, मी एमपीची. म्हणजे मी आहे तरी कुठली? मी समई खाली आपटली. आई तोवर दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईशी बोलायला लागली होती. "हे शिंपले काढून राहिले की विकत घेऊन राहिले तुम्ही?" ती विचारत होती, आणि ती म्हातारी तिच्या मालवणीत उत्तर देत होती. कुणालाच कुणाचं बोलणं अडत नव्हतं. आईला कुणी शाबासकी दिली नाही, कारण आईने मान मागितलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दीपगृह. आईचे गुडघे धड नाहीत, म्हणून भाऊ वर गेला आणि आम्ही तिघी खाली उभ्या राहिलो. तिथे टोकावर वारा असा की उभं राहायला रेलिंग धरावं लागतं. आईचा पदर सुटला, उडाला, डोक्यावर मागे झेंड्यासारखा फडफडायला लागला. मी तो पकडायला धावले. आई म्हणाली, "राहू दे गं," आणि हसायला लागली. तोंड उघडून, दात दाखवून, पोट धरून हसली. वहिनी तिच्या दंडाला धरून हसत होती.

बाबा गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. एवढी मी तिच्याजवळ, एवढा मी जीव लावला, दवाखान्याच्या रांगा लावल्या, रात्री उठून पाणी दिलं. आणि हसवलं कुणी? तर ह्या मोकाट वाऱ्याने. चेरीतालच्या घरात ती खिडकी उघडू देत नाही, धूळ येते म्हणते. इथे पदर उडतोय आणि बाई हसतायत.

त्याच दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आई खरंच राहिली तर? घर मी सांभाळीन, शाळा आहे, दिवस जातील. पण मी मराठी बोलणार कुणाशी? माझ्या सगळ्या मैत्रिणी हिंदी. गल्लीत दोन मराठी घरं आहेत, त्यांची पोरं ऐकतात मराठीत आणि उत्तर देतात हिंदीत. सकाळी उठल्यावर जो पहिला शब्द तोंडातून येतो, तो माझ्या घरात ऐकणारं एकच माणूस आहे, आणि ते माणूस इथे पदर उडवत हसत होतं.

त्या रात्री जेवताना मी आईला म्हटलं, "परवाची गाडी आहे आपली." आई सोलकढी पीत होती. वाटी खाली ठेवून म्हणाली, "अच्छा, परवा का?" एवढंच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, मला समुद्रावर जायचं, आणि पिशवीतून ती लाल साडी काढली. हळद, कुंकू, नारळ, तांदूळ सगळं घरून आणलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडी सुनेसाठी नव्हतीच, समुद्रासाठी होती.

हे आमच्याकडचं आहे, म्हणून सांगायला हवं. जबलपूरला नर्मदेला माणसं साडी चढवतात. तिला मैया म्हणतात, तिला ग्वारीघाटावर चुनरी देतात, नारळ देतात, पानाच्या द्रोणात दिवा सोडतात. आईने बाबांच्या आजारपणात मैयाला किती साड्या दिल्या, त्याला गणती नाही. मी तिला नेऊन आणत होते. नावाडी नाव मधोमध नेई, आई साडीची घडी मोडून पाण्यावर सोडी, साडी क्षणभर लाल लाल दिसे आणि मग प्रवाहात दिसेनाशी होई. पुढे खाली कुणीतरी काढून घेतं आणि वाळवून परत विकतं, हे मला ठाऊक होतं. आईला मी ते कधी सांगितलं नाही. बाबा वाचले नाहीत. त्यांच्या अस्थीही तिथेच सोडल्या. त्याही प्रवाहात गेल्या.

आता ती समुद्राला साडी देणार होती. मला वाटलं, निरोप घेतेय. पाहून झालं, मान दिला, आता घरी. मला बरंच वाटलं. मी सगळ्यांच्या पुढे चालत किनाऱ्यावर गेले.

किनाऱ्यावर गर्दी होती. घोडागाडीवाले, भेळवाले, रबरी होडीत बसा म्हणून मागे लागणारी पोरं. सूर्य बुडायला आलेला, आणि सगळी माणसं त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. आई चपला काढून घोट्याइतक्या पाण्यात गेली. हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला, मग साडीची घडी मोडली. लगेच वाऱ्याने पदर हिसकावला आणि जरीचा काठ फाडकन माझ्या गालावर बसला. भाऊ मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. आई दोन्ही हातांनी साडी गोळा करून खाली वाकली आणि म्हणाली, "घ्या समुद्रदेवा. मी नवी आहे इथं. माझी ओळख ठेवा."

लाट आली, साडी उचलली, थोडी आत नेली. आईने हात जोडले. पुढची लाट आली आणि साडी आईच्या पायांत आणून टाकली. नारळही आला, तिच्या घोट्याला लागून थांबला.

आईने साडी पुन्हा ढकलली. ती पुन्हा आली. आई आणखी आत गेली, गुडघ्यापर्यंत पाण्यात, आणि साडी लांब फेकली. वाऱ्याने ती हवेतच फुगवली, उलटी आणली. शेजारचं कुणी खो खो हसलं. किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याने शिटी मारली, "ओ आंटी, कपडा मत डालो पानी में, पैर में फँसता है किसी के."

मैयाला साडी दिली की ती जाते, हेच आईला माहीत. नदीकाठच्या माणसाला दुसरं काय माहीत असणार? पाणी म्हणजे नेणारं. वहिनी धावत आली आणि आईला धरून म्हणाली, "आई, भरती चालू आहे आता. काहीही टाकलं तर परतच येणार. थांबूया थोडं, ओहोटी लागली की जाईल बघा."

पण मी थांबले नाही. माझा मौका होता तो. मी पाण्यात शिरले, आईचा दुसरा हात धरला आणि मोठ्याने म्हणाले, कारण त्या वाऱ्यात मोठ्यानेच बोलावं लागतं, "बघितलंस? नको म्हणतोय तो. त्याला तू नको आहेस इथे. चल आपल्या घरी."

भाऊ मोबाईल खाली करून ओरडला, "ताई, काहीही काय बोलतेस!"

"काहीही? तू काय केलंस ते? किल्ले दाखवलेस, मेलेले मासे दाखवलेस. आई म्हणजे टुरिस्ट आहे तुझी? गेली इतकी वर्षं कुठे होतास?"

"मी बोलावत होतो आणि तू येऊ देत नव्हतीस!"

माणसं बघत होती. त्यांना सूर्यास्ताबरोबर फुकटात हेही मिळालं. आई आमच्या मधून खाली वाकली, पायांत गुंडाळलेली साडी सोडवली, नारळ उचलला आणि कोरड्या वाळूकडे चालू लागली. तिथे ती बसली. मांडीवर साडी घेऊन एका टोकापासून पिळायला लागली. वहिनी पुन्हा म्हणाली, "ओहोटीला सोडूया ना आई." आई म्हणाली, "नको बेटा. राहू दे."

मग तिने मला जवळ बोलावलं. मी शेजारी बसले. वाळू उडून डोळ्यांत जात होती.

"यांच्या आजारात किती साड्या दिल्या गं मैयाला," आई म्हणाली. "एक तरी परत आली? यांना पण तिलाच दिलं. सगळं घेऊन गेली ती. मी घाटावर जाऊन बसते न, तर तेच पाहून राहते, जाऊन राहिलं, जाऊन राहिलं." तिने साडीचा पिळा सोडून झटकला. "हा परत तर करून राहिला. पहिल्यांदाच कोणी मला माझं परत दिलं."

मी डोळ्यांतली वाळू काढत राहिले. 

"मी इथं राहते," ती म्हणाली. "तू रागावू नको. रागावशील, मला माहीत आहे. पण राहते."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत मी एकटी बसले. तिचं तिकीट रद्द करताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे. वहिनीने डबा दिला, त्यात तिच्या हातचे घावन होते. मी ते खाल्ले आणि मला ते आवडले, ह्याचाही मला राग आहे. गाडी सुटायच्या आधी आईने कागदात गुंडाळलेलं पुडकं खिडकीतून आत दिलं. साडी होती, वाळवून घडी केलेली. "ही मैयाला दे माझ्याकडून," ती म्हणाली. "समुद्रानं घेतली नाही, म्हणजे तिचीच, तिला पोचली पाहिजे. सांग, मी आता येऊ नाही शकत." तिचा पदर उडत होता. तिने तो धरला नाही.

आता चेरीतालच्या घरात मी आहे. खिडकी बंद आहे. दूधवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी, ओमतीच्या चौकात रिक्षावाल्याशी हिंदी, आणि घरी आल्यावर कुणाशीच काही नाही. परवा कढई हातातून पडली तेव्हा तोंडातून "हाय राम" निघालं. आधी मी "अगं आई गं" म्हणायचे. आई रात्री फोन करते. तिच्या फोनमधून आधी वारा ऐकू येतो, मग ती. अलीकडे तिच्या बोलण्यात 'गो' यायला लागलाय. "जेवलीस का गो?" म्हणते. मी म्हणते, "जेवले." त्या गावाने तिची भाषासुद्धा घ्यायला घेतली आहे.

एकदा मी साडी घेऊन ग्वारीघाटावर गेले. घाटावर नेहमीची माणसं, नेहमीचे दिवे. ओळखीचा नावाडी पुढे आला, "लाओ दीदी, चुनरी चढ़ानी है? माताजी नहीं आईं?" मी पायरीवर बसून पुडकं उघडलं. घडीतून वाळू पडली. त्या गावची, बारीक, पांढरी. नर्मदा समोरून जात होती, नेहमीसारखी शांत, सगळं ऐकून घेणारी आणि कशालाच थांबणार नाही अशी. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिचाही संताप आला.

"नहीं भैया," मी म्हटलं, आणि साडी परत गुंडाळली.

आई दर फोनला विचारते, "दिली का मैयाला?" मी म्हणते, देईन. देणार नाही. साडी कपाटात माझ्या कपड्यांखाली आहे. मैयाला दिलेलं काही परत येत नाही, आणि मला आई परत हवी आहे.